दातांत धरलेला काठ

गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाचा पाय पाण्याखाली आखूड दिसतो. त्या चित्रात तो आखूड नव्हता.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकासाठी सिद्धेश्वराच्या तळ्यातलं पाणी भरायला मी आले होते. पायरीवर एक तरुण चित्र काढत बसला होता. मला राहवलं नाही.

"पाय चुकलाय."

त्यानं वर पाहिलं. "नुसता पायच?"

"बाईसुद्धा. अंगावर काही न ठेवता तळ्यावर कोण न्हातं?"

"मुंबईला विलायती चित्रं बघून असंच शिकलो की... हितल्या बायका कशा न्हातात ते बघायला गेलो, तर मार खाईन!"

मी हसले. तो सिद्धनाथ, मंगळवेढ्याकडच्या धनगराचा मुलगा. मी दाक्षायणी, लिंगायताची, मुलींना सायन्स शिकवणारी.

बायका तळ्यावर लुगडं कसं बदलतात ते दाखवायला रविवारी त्याला घरी बोलावलं. आई शेंगा सोलत समोरच बसली. अंगणात पाठमोरी उभी राहून मी नेसत्या लुगड्यावरून दुसरं गुंडाळलं आणि त्याचा काठ दातांत धरला.

"आता आतलं ओलं खाली सोडायचं. कुणाला काही दिसत नाही," मी दातांतूनच म्हटलं.

"पण हे तर कोरडं हाय."

"मग?"

"ऱ्हाऊ द्या. ओलेपणा मी रंगवतो." त्यानं कागद पुढे ओढला. "जरा मान वळवा... अशी. लई छान."

"अय्यो, मानेकडं किती वेळ बघतोस रे?" आई म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

तो येत राहिला. एकदा दारातच म्हणाला, "लग्न कराल माझ्याशी?"

जात आडवी होती, लग्न केलं तर शाळेतली नोकरी जाणार होती. मी म्हटलं, "पाहू." पुढेही तो विचारायचा, मी "पाहू" म्हणायची.

आमच्या शाळेच्या दालनात भरलेल्या प्रदर्शनात त्याच्या त्या नव्या चित्रापुढून बायका हलेनात. "अगं, अस्संच की! दात बघ कसे आवळलेत!"

तेवढ्यात आमच्या शाळेचे चेअरमन पुढे आले. "इतकं हुबेहूब? म्हणजे घाटावर लपून पाहिलंत! नाहीतर सांगा, कोण उभी होती?"

सिद्धनाथनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी न्हाय."

"मग उतरवा चित्र."

तो चित्राकडे वळला. माझं नाव घेतलं असतं, तर सुटला असता...

"हात लावू नका!" माझा आवाज साऱ्या दालनात घुमला. "आमच्या अंगणात, आईसमोर, मी उभी होते."

मी चेअरमनकडे पाठ केली.

"आणि सिद्धनाथ — हो. मी तुमच्याशीच लग्न करणार."