पट्टीमागचा श्वास

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या पुतण्याच्या बाबतीत घडलेली. मला ती नीट सांगता येईल का, शंकाच आहे. पण पदरचं काही घातलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन.

पुतण्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात तंत्रज्ञ. रुग्णाला मास्क लावायचा, एक नाकपुडी पट्टीनं बंद करायची आणि दुसरीतून किती हवा जाते ते मोजायचं, हे त्याचं काम.

त्या दिवशी खुर्चीत त्याचीच बायको होती.

सहा महिने ती उशी भिंतीला टेकवून, बसल्या बसल्या रात्र काढत होती. नाकानं श्वासच जाईना. तपासणीत मात्र दोनदा आकडे उत्तम.

"ऑपरेशन कशाचं करू?" डॉक्टर म्हणाले होते. "मशीन खोटं बोलतंय की बायको?"

"त्या मशीनशीच संसार करा," ती आता खुर्चीतून नवऱ्याला गेंगाण्या आवाजात म्हणाली. "ते तरी सुखानं श्वास घेतंय."

त्याला हसू आलं नाही. त्यानं तिच्या दोन्ही नाकपुड्या बंद केल्या.

"तोंड मीट. पाचच सेकंद."

आता पडद्यावर आडवी रेघ यायला हवी होती.

रेघ वर गेली...

खाली आली.

पुन्हा वर...

संथ, भरपूर श्वास. गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

तिचे ओठ घट्ट मिटलेले. छाती हलत नव्हती.

त्यानं मास्क ओढून काढला. ती तोंडानं धापा टाकू लागली.

मास्क टेबलावर रिकामा पडला.

रेघ चालूच...

त्यानं मास्कजवळ हात नेला. तळव्याला ऊन वाफ लागली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे कोण आहे?"

त्यानं मशीन बंद केलं. आणि नोकरीत पहिल्यांदाच खोटे आकडे लिहिले, नाक बंद असल्याचे.

ऑपरेशन झालं. "सुई जायला जागा नव्हती," डॉक्टर म्हणाले. "जगली कशी ही?"

ती आता आडवी होऊन झोपते. मशीन अजून तिथेच आहे.

पुतण्यानं जुने कागद काढलेत. 'नाक ठीक आहे, मनाचे खेळ आहेत' असं सांगून परत पाठवलेल्यांना तो एकेक करून फोन लावतो.

काल एका बाईंनी उचलला.

"ते गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच. पण तुम्ही तर ठीक आहे म्हणाला होतात ना?"

त्यानं फोन ठेवला आणि यादीतल्या त्या नावापुढे फुली मारली.

यादी मी पाहिली आहे. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला आहे...