सरांचा दुपारचा वर्ग

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आहे. इकडून तिकडून कानावर आलेली नाही. ज्या खोलीत घडली, तिथे मी लहानपणी कितीतरी वेळा झोपले आहे. मावशी आहे, तिची मुलगी आहे, तिला मी ताई म्हणते, आणि ज्या शाळकरी पोरीनं हे बघितलं, तीही आहे. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

जेवणं झालेली, भांडी धुऊन पालथी घातलेली, खाली रस्त्यावर सामसूम. थंडी नुकती कुठे सुरू होत होती. वरच्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. बाहेरच्या खोलीत मावशीचं शिलाई मशीन. आत एक छोटी खोली. खिडकीखाली कॉट, समोरच्या भिंतीला टेबल.

त्या छोट्या खोलीत काका शिकवायचे.

काका म्हणजे मावशीचे यजमान. जन्मभर शाळेत विज्ञान आणि गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर मात्र घरात त्यांचा पाय ठरेना. मावशीच्या मशीनला तेल घाल, तिच्या कात्र्यांना धार लाव, गिऱ्हाइकाच्या पँटची उंची पुन्हा मोजून बघ. मावशी वैतागली. म्हणाली, कुणालाही शिकवा, पण मला सोडा.

मग ताईनं त्यांना एका वेबसाइटवर बसवून दिलं. मुलं तिथे गृहपाठातल्या शंका टाकतात. शिकवणारे उत्तर लिहितात, नाहीतर व्हिडिओवर समजावतात. मुलं खरी नावं लावत नाहीत. कुणी 'झोपाळू घुबड', कुणी 'शून्यापेक्षा कमी'. काकांचं नाव तिथे नुसतं 'सर'.

रोज जेवण झालं की काका दार लोटून घ्यायचे. पांढऱ्या छोट्या फळ्यावर मार्करनं लिहायचे आणि फळा कॅमेऱ्यासमोर धरायचे. बाहेर मावशीचं मशीन, आत काकांचा आवाज. दोघांचा संसार असा भिंतीच्या दोन बाजूंना सुखानं चालला होता.

काका बसस्टॉपवर गेले.

बाकावर बसल्या बसल्या. पिशवी मांडीवर. लोकांना वाटलं, बसची वाट बघताहेत. बऱ्याच बस येऊन गेल्या, तरी हा माणूस उठेना, म्हणून कुणीतरी खांद्याला हात लावला...

मावशी रडली नाही. घरी आलेल्यांना तिनं पाणी दिलं, चपला नीट लावून ठेवल्या, कुणाला परतीची गाडी कधी आहे ते विचारलं. सगळे पांगल्यावर ती मशीनवर बसली. एकदा सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तिला कळलंच नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला, तेव्हा तिनं बोट बघितलं. दुखत नव्हतं. तिला काहीच दुखत नव्हतं.

दुपारची हातशिलाई घेऊन ती आता आतल्या खोलीत कॉटवर बसायची. टेबलाकडे तिला बघवत नसे. ती बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसायची. मांडीवर कापड तसंच पडलेलं. ऊन सरकत जायचं. संध्याकाळ झाली की उठायची.

महिनाभरानं ताई आली. वडिलांची राहिलेली कामं निपटायची होती. बँक झाली, फोन झाला. मग ती वेबसाइटवरचं अकाउंट बंद करायला बसली.

आणि थांबली.

'सर' या नावानं आदल्या दिवशी दुपारी उत्तर दिलेलं होतं...

त्याच्या आदल्या दुपारीही.

त्याच्याही आदल्या.

झोपाळू घुबडानं लिहिलं होतं, सर, वेळ नाही, फक्त उत्तर सांगा. खाली सरांनी लिहिलं होतं, "बाळ, उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे. माझ्याकडे फक्त वाट आहे. यायचं असेल तर ये."

ताईच्या अंगावर काटा आला. जगात दुसरं कुणी असं लिहिणं शक्य नव्हतं.

तरी ती शहाणी मुलगी. कुणीतरी पासवर्ड चोरला असणार, असं म्हणून तिनं पासवर्ड बदलला. दुसऱ्या दुपारी पुन्हा उत्तरं. तिनं वेबसाइटवाल्यांना कळवलं. त्यांनी तपासून सांगितलं, की ही उत्तरं पूर्वी जिथून यायची तिथूनच येताहेत. त्याच घरातून.

ताईनं आईकडे बघितलं. मावशी म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मला अपूर्णांकसुद्धा येत नाहीत."

ताईनं काँप्युटर उचलला, कॅमेरा काढला, वायरी गुंडाळल्या आणि सगळं स्वतःच्या घरी नेऊन माळ्यावर टाकलं. घरातलं इंटरनेट बंद केलं. टेबलावर फक्त धुळीतला चौकोन उरला.

दुसऱ्या दिवशी मावशी बाहेर मशीनवर बसली होती. शिवण संपली. तिनं पायाखालचं पायडल थांबवलं. मशीनचा आवाज थांबला...

आतून मार्करचा आवाज आला.

फळ्यावर ओढताना होतो तसा. करकर. थोडं थांबून पुन्हा करकर.

ती उठून आत गेली. काही नाही. धुळीतला चौकोन. खिडकी लावलेली. पण खोलीत मार्करच्या शाईचा वास होता... आत्ताच टोपण काढल्यासारखा.

रोज तसंच व्हायला लागलं. बाहेर बसलं की आवाज. आत गेलं की शांतता आणि वास.

आपण असतो तर घर सोडून पळालो असतो. मावशीला भीती वाटली नाही. तिला भीती वाटेल इतकीही जाग तिच्यात उरली नव्हती. तिनं ताईला फोन करून एवढंच विचारलं, की त्या वेबसाइटवर प्रश्न कसा टाकतात.

ताईनं तिच्या फोनवर ते करून दिलं. मावशीनं पहिला प्रश्न टाकला. "अहो, तुम्ही आहात का?"

उत्तर आलं नाही. उलट वेबसाइटनंच तो प्रश्न काढून टाकला. हा प्रश्न अभ्यासाला धरून नाही, अशी सूचना आली.

मावशी विचार करत बसली. मग तिला हातातल्या कामातलीच अडचण सुचली. एका मुलीचा गोल घेराचा स्कर्ट शिवायचा होता. तिनं लिहिलं, "कंबर सहासष्ट सेंटिमीटर आहे. मधलं भोक केवढ्या त्रिज्येचं कापायचं?"

चहा उकळेपर्यंत उत्तर आलं.

"बाळ, कंबर म्हणजे वर्तुळाचा परीघ. परिघाला दोन पायनं भाग. बघ, साडेदहा येतंय का? शिवणीत कापड जातं, म्हणून भोक थोडं लहानच काप."

मावशी ते उत्तर वाचत राहिली.

बाळ.

पस्तीस वर्षं संसार केला त्या माणसानं, आणि आपल्याला बाळ म्हणतोय. कुठल्यातरी शाळेतली पोर समजून. ताई म्हणते, ते सांगताना आईच्या चेहऱ्यावर ना हसू होतं ना राग. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती.

पण तिनं प्रश्न टाकायचे सोडले नाहीत. बाहीचा गोलवा कसा काढायचा. इस्त्रीची वाफ पांढरी का दिसते. लोकर गरम का ठेवते. रोज एक. रोज उत्तर यायचं, नीट, प्रेमानं, जसं सगळ्या मुलांना जायचं तसं. ती रोज वाचायची आणि फोन उपडा ठेवायची.

मग एका दुपारी तिला सरांच्या उत्तराखाली एक निरोप दिसला. 'खारूताई' नावाच्या मुलीचा.

"थँक्यू सर. भिंगांची गणितं आता जमतात. काल व्हिडिओवर अजून विचारायचं होतं, पण मागे काकू बसल्या होत्या... त्यांना बरं नाहीये असं वाटलं, म्हणून बंद केलं."

मावशीनं ते ताईला दाखवलं. ताईनं वेबसाइटमार्फत मुलीच्या आईशी संपर्क केला. आई नर्स होती, दुपारची ड्युटी असायची. मुलगी शाळेतून आली की घरी एकटी आणि अभ्यासाला एक सरच. ताईनं खरं काय ते सांगितलं नाही. सरांच्या घरून बोलतोय, मुलीशी थोडं बोलायचंय, एवढंच म्हणाली. रविवारी मुलीची आई घरी असताना फोन लागला. फोन स्पीकरवर होता. मावशी आणि ताई दोघींनी आपल्या कानांनी ऐकलं आहे.

मुलगी मोकळेपणानं बोलली. सर आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हिडिओवर शिकवतात, म्हणाली. मावशीनं विचारलं, मागे कोण दिसतं?

"तुम्हीच असाल ना काकू? खिडकीखाली कॉटवर. करडा स्वेटर. मांडीवर कापड असतं, पण तुम्ही शिवत नाही. भिंतीकडे बघत असता."

ताईनं आईचा हात धरला. मावशीच्या अंगात करडाच स्वेटर होता.

खोलीत कॅमेरा नव्हता. काँप्युटर माळ्यावर होता. बाहेरचं कुणी त्या घरात आलेलं नव्हतं.

मावशीनं विचारलं, "सर कधी मागे वळून बघतात का, गं?"

मुलगी म्हणाली, "बघतात ना. परवा त्यांनी हाक पण मारली. मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, टाचणी मागताहेत."

"टाचणी?"

"हो. टाचणी, अगं टाचणी... असं दोनदा म्हणाले. तुम्ही वळून नाही बघितलंत."

ताईला काहीच समजेना. मावशी मात्र पांढरीफटक पडली. नवीन लग्न झालं तेव्हा ती सतत ओठांत टाचण्या धरून कापड बेतायची. काकांनी तिला ते नाव ठेवलं होतं. चारचौघांत कधी घेतलं नाही. पोटच्या मुलीलाही ते ठाऊक नव्हतं.

"मग?" मावशीनं विचारलं. "मी वळले नाही, मग?"

"मग मी म्हटलं, सर, काकूंना ऐकू गेलं नाही वाटतं. तर सर म्हणाले..."

मावशी फोनकडे झुकली.

"सर म्हणाले, राहू दे बाळ. ती हल्ली इथे नसते."

फोन ठेवल्यावर ताईनं आईला आपल्या घरी चल म्हणून खूप विनवलं. मावशी ऐकेना. मग ताईच तिथे राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. मावशीनं भांडी धुतली, हात पुसले आणि आतल्या खोलीत गेली. कॉटवर बसली. या वेळी टेबलाकडे तोंड करून.

दार लोटलेलं होतं. ताई बाहेर बसली होती. तिला आईचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. मावशी बोलायची... थांबायची... पुन्हा बोलायची. समोरचा बोलत असताना आपण गप्प राहतो ना, तशी थांबायची.

दुसरा आवाज ताईला एकदाही आला नाही.

ऊन उतरलं तेव्हा मावशी बाहेर आली. डोळे सुजलेले. नाक लाल. म्हणाली, "भूक लागलीय गं. काहीतरी खायला कर." काका गेल्यापासून तिनं पहिल्यांदा स्वतःहून मागितलं.

ताई उठणार, एवढ्यात मावशीच्या फोनवर निरोप आला. खारूताईचा.

मी तो स्वतः वाचला आहे. तिनं लिहिलं होतं, की काकू, आज वर्ग उघडला, पण सर दिसलेच नाहीत. फक्त तुम्ही. सरळ माझ्याकडे बघून बोलत होतात. आवाज येत नव्हता. चित्र हलत होतं, हळूहळू, वर-खाली... कुणीतरी श्वास घेतल्यासारखं. मग चित्र तुमच्या जवळ यायला लागलं. जवळ, अजून जवळ, तुमचं कपाळ दिसेपर्यंत. तुम्ही डोळे मिटलेत. मग बंद पडलं. नेट गेलं का तुमचं?

ताईनं आईकडे बघितलं. मावशीचा हात कपाळावर होता.

ताईनं विचारलं, आत काय झालं? मावशीनं सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून 'सर' या नावानं एकही उत्तर आलं नाही. मुलांनी बरेच दिवस विचारलं, सर कुठे गेले? शेवटी ताईनंच लिहिलं, की सर आता नाहीत. कधीपासून, ते लिहिलं नाही. काय लिहिणार?

खारूताई पास झाली. मावशी हल्ली हसते, भांडते, सुई टोचली की ओरडते. त्या खोलीत मार्करचा वास येत नाही, आवाजही नाही. सगळं संपलं, असं ताई म्हणते.

संपलं असेल.

पण मी मावशीकडे गेले की बाहेरच्या खोलीतच बसते. मावशी म्हणते, आत जाऊन जरा पड, दमली असशील. मी काहीतरी निमित्त काढते. आत कुठे बसायचं, कुणीकडे तोंड करायचं, मला समजत नाही.

आणि निघताना, मावशी बघत नाही असं पाहून, मी त्या खोलीच्या दाराकडे वळून हळूच मान लववते. काका हाक मारत असले आणि मला ऐकू येत नसलं, तर... उगीच त्यांना वाईट वाटायला नको.