लॉगमधली तिसऱ्या मजल्याची ओळ

पंखा बंद करा रे जरा, आवाज येऊ दे माझा. ही सांगोवांगीची गोष्ट नाही. सुयोग माझ्या साडूचा पोरगा, नाहूरला राहतो. त्याच्यावर गुदरलेली.

अंधेरीच्या एका कंपनीत तो लिफ्टवर नजर ठेवणारा प्रोग्राम सांभाळायचा. कुठल्याही बिल्डिंगमधली लिफ्ट हलली, दार उघडलं, मिटलं, की तिथल्या तिथे स्क्रीनवर एक ओळ. त्याला लॉग म्हणतात. भांडुपच्या एका टॉवरमधून सारखी एकच ओळ यायची, ‘तिसरा मजला. दार उघडं. लिफ्ट नाही.’ सेन्सर खराब असेल म्हणत वैतागून सुयोगनं ती ओळच दिसेनाशी केली.

तिथला मेकॅनिक रतन. त्यानं फोन केला, "सर, दार आपोआप उघडतंय. लॉगमध्ये दिसतंय का?"

"काही नाही दिसत रे." सुयोगनं फोन ठेवला.

त्याच दारातून रतन लिफ्टच्या खड्ड्यात पडला. पट्टा सैल होता, पिवळं हेल्मेट निसटलं; डोकं फुटलं, जागच्या जागी खलास. चौकशीत सुयोग म्हणाला, "लॉगमध्ये काहीच नव्हतं. प्यायला असेल." रतननं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्याची बायको शकु तिथेच ओरडली, "खोटं बोलतोयस तू!" कुणी ऐकलं नाही.

गेल्या सर्वपित्रीची रात्र. रविवार. त्याच टॉवरची लिफ्ट बंद पडली म्हणून सुयोग लॅपटॉप घेऊन गेला. जिन्यापाशी बसून लॉग लावला. ओळी वाहू लागल्या. पहिला मजला. दुसरा.

"मधुकरकाका, चालतेय की लिफ्ट!"

वॉचमन म्हणाला, "कशी चालेल? मेन स्विच मीच पाडलाय. ती वर चौदाव्यावर अडकलीय."

ओळी थांबल्या. मग एक आली.

तिसरा मजला. दार उघडं. लिफ्ट नाही.

सुयोगनं प्रोग्राम बंद केला. ओळ आली. नेट तोडलं. तरी आली.

"कुणाचं पोर पडेल हो," मधुकर म्हणाला. "बघून या. मी इथे थांबतो."

सुयोग लॅपटॉप हातात घेऊन जिना चढला. तिसऱ्यावर दार गच्च बंद. त्यानं श्वास सोडला... हातातल्या स्क्रीनवर ओळ बदलली.

दार उघडतंय.

दार सरकलं. आत काळोख. गार वारा. पाठीमागे कुणीतरी. अगदी कानाशी...

"सर... आता दिसतंय ना?"

मग... काही नाही.

मधुकरनं धप्प ऐकलं. दोन्ही पाय मोडले, पण पोरगा वाचला. शुद्धीवर येताच पोलिसांसमोर सगळं ओकला. शकुपुढे हात जोडले. तिनं तोंड फिरवलं.

पण त्या रात्री फायर ब्रिगेडवाल्यांनी खड्ड्यात टॉर्च मारला ना... सुयोगच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळलेला. मधुकर शपथेवर सांगतो, वर जाताना पोरगा बोडका होता.