मूळची सीट

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको एक गाडी बघायला निघाले. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ऊन लख्ख पडलं होतं, रस्ता मोकळा होता आणि बायकोने पाण्याची बाटली बरोबर घेतली होती.

चार माणसांना घेऊन चार ठिकाणी जाणारी गाडी त्यांच्याकडे होतीच. ही दोघांपुरती, बुटकी, कापडी छपराची, पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्‌स कार. असल्या गाड्यांना डॉक्टर परवापरवापर्यंत भंगार म्हणत. मग त्यांच्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरने असलंच एक भंगार तिप्पट भावाने विकलं आणि एका रात्रीत यांना जुन्या गाड्यांमधलं सौंदर्य दिसू लागलं. त्या सौंदर्याचा भाव दर महिन्याला वाढत होता. पेशंट आ वासून पडलेला असताना डॉक्टर मोबाइलवर त्या भावांचे आलेख बघत बसत. "आज घेतली नाही तर उद्या परवडणार नाही," असं ते म्हणत. आज तरी कुठे परवडत होती? पण दवाखान्याच्या काउंटरवर सव्वीस वर्षं पावत्या फाडणाऱ्या बायकोने असले प्रश्न विचारायचे नसतात.

वाटेत त्यांनी तिचं अज्ञान दूर केलं.

"जुन्या गाडीत एकच बघायचं. मूळचं किती शिल्लक आहे. मूळचा रंग, मूळचं इंजिन, मूळचा स्क्रूसुद्धा. बदललं की भाव गेला. अडाणी लोक नवं बसवतात आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात."

"मग दातांचं वेगळं का हो?"

"कशाचा संबंध कशाला लावतेस."

गाडी एका बाईंची होती. यजमान वर्षापूर्वी गेले होते. बाई साठीच्या पुढच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी गॅरेजचं दार वर ढकललं तसा आतून दमट चामड्याचा वास आला. डॉक्टरांनी बोलावलेला म्हातारा मेकॅनिक आधीच आला होता. त्याने बॉनेट उघडलं, खाली झोपून टॉर्च मारला, इंजिन सुरू करून कान लावला. इंजिनात खोट नव्हती. खोट निघाली ती ड्रायव्हरच्या सीटमध्ये.

ती अगदी पुढे सरकलेली होती, स्टिअरिंगला पोट टेकेल इतकी. चामड्यात खोल खळगा पडला होता. खळगाही सरळ नव्हता. डावीकडे जास्त खोल, पाठीपाशी वाकडा. एखादं लहानखुरं, एका अंगाने कललेलं माणूस वर्षानुवर्षं तिथे बसलं असावं.

डॉक्टर सहा फुटांना इंचभर कमी. ते आत बसले म्हणजे घडी घालून ठेवल्यासारखे दिसले. गुडघे डॅशबोर्डला, मान छपराला.

मेकॅनिक म्हणाला, "सीटचे रूळ गंजलेत. उचकटून मागे घेतो, आतला फोम बदलतो. दुपारपर्यंत होईल."

"हात लावायचा नाही. मूळची सीट आहे."

"पण डॉक्टर, तुम्ही बसणार कसे?"

"बसेन मी. सवय होते."

बाई इतका वेळ दाराला टेकून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बदलून घ्या ना... सीट तेवढी बदलून घ्या."

डॉक्टरांनी बायकोकडे बघून भुवई उडवली. मघाशी सांगितलेले अडाणी लोक हेच, असा त्या भुवईचा अर्थ. त्यांनी सीटच्या खळग्याकडे बोट दाखवून भावातून थोडी रक्कम कमी करून घेतली आणि त्याच खळग्यात बसून गाडी घरी आणली. बायको शेजारी, पर्स मांडीवर घेऊन.

मग दर रविवारी फेरी सुरू झाली. पहिले काही रविवार डॉक्टर फेरीहून परतले की जमिनीवर उताणे पडत आणि बायको कमरेला मलम चोळी. शेजाऱ्यांना मात्र ते सांगत की जुन्या गाड्या चालवणं हे रांगड्या माणसाचं काम आहे. महिन्याभराने मलम लागेनासं झालं.

"बघ, सवय झाली की नाही," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात बायको त्यांच्या दोन पँट घेऊन शिंप्याकडे गेली. पायाशी कापड गोळा होत होतं. शिंपी वीस वर्षांचा जुना. तो त्याच सकाळी घरी येऊन माप घेऊन गेला होता.

"उजवा पाय अर्धा इंच कमी करावा लागेल, डावा पाऊण."

"दोन्ही सारखेच ना रे? माप चुकलं असेल."

"माझी मापं चुकत नाहीत, वहिनी. साहेब चुकतायत."

हाडांच्या डॉक्टरने फोटो काढले, उजेडाला धरून पाहिले आणि वयाचा दाखला दिला. फोटोत काही नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पेशंटची खुर्ची खाली घेतली, मग आणखी खाली घेतली. चालताना ते डावीकडे झुकू लागले. इकडे भावांचा आलेख मात्र छाती काढून उभा होता. डॉक्टर दोन इंचांनी उतरले होते आणि गाडी पाव पटीने चढली होती. त्यांच्या दृष्टीने एकूण व्यवहार फायद्यातच होता.

एका संध्याकाळी बायको त्यांना चहाला बोलवायला गॅरेजमध्ये गेली. दिवा लावलेला नव्हता. दारातून येणारा उजेड गाडीच्या मागच्या बाजूवर पडला होता. छप्पर उतरवलेलं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर, पाठीच्या वर जेमतेम दिसेल असं, एक डोकं होतं.

"अहो," ती म्हणाली. "चहा निवतोय."

डोकं हललं नाही. इंजिन बंद होतं. कुठेतरी चामडं ताणल्याचा बारीक आवाज आला... मग थांबला.

"अहो, ऐकताय ना..."

"काय गं?" डॉक्टरांचा आवाज आला. वरून. घरातून. जिन्याच्या टोकाशी उभे राहून ते टॉवेलने तोंड पुसत होते.

तिने वर पाहिलं आणि मग पुन्हा गाडीकडे. सीट रिकामी होती. पण माणूस उठल्यावर चामडं जसं दमादमाने वर येतं तसं ते अजून वर येत होतं. थोडं आलं आणि खळग्याशी येऊन थांबलं.

डॉक्टर खाली आले, दार उघडून आत बसले. पूर्वी ते बसले की सीट कुरकुरायची. आता तिने हूं की चूं केलं नाही. हातात मोजा चढावा तसे ते तिच्यात गेले.

"बघितलंस? माझ्यासाठीच केल्यासारखी आहे."

"तुमच्यासाठी नाही. तिच्यासाठी तुम्हाला करणं चाललंय." तिचा आवाज खाली गेला होता. "विकून टाका. उद्याच्या उद्या. हाडांचे डॉक्टर मागतायत ना?"

"आत्ता? वेडी आहेस का? आणखी सहा महिने थांबलो तर दीडपट."

"सहा महिन्यांनी तुमचं काय उरेल?"

"भाव उरेल," ते म्हणाले. थट्टेचा सूर त्यात नव्हता.

तिने मेकॅनिकला फोन करून सीट बदलायला सांगितलं. डॉक्टरांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि गॅरेजच्या किल्ल्या गळ्यात घातल्या. सव्वीस वर्षांत तिने नवऱ्याचे पुष्कळ मूर्खपणे पचवले होते. मातीत गेलेला शेअर, पाण्याखालची जमीन, सोन्याऐवजी घेतलेलं पितळ. त्या सगळ्यांत पैसे जात आणि नवरा तसाच राही. या खेपेला पैसे वाढत होते आणि नवरा जात होता.

शेवटी तिने गोड बोलून काम साधलं. गाडीच्या आधीच्या मालकांचे कागद मिळाले तर भाव वाढेल, असं ती सहज म्हणाली. डॉक्टरांनी पुढच्याच रविवारी गाडी बाईंच्या दारात नेऊन उभी केली.

"तू जा आत. मी बसतो इथेच."

बाईंनी तिला पाणी दिलं. खिडकीतून गाडी दिसत होती. स्टिअरिंगच्या वर फक्त केस दिसत होते. तिने आडपडदा न ठेवता विचारलं.

"तुमचे यजमान बुटके होते का हो? डाव्या पायाने... लंगडत?"

बाईंनी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

"गाडी घेतली तेव्हा या चौकटीला डोकं आपटायचं त्यांचं," त्या म्हणाल्या. "जाताना माझ्या खांद्याला लागत होते."

"म्हणजे तो खळगा तुमच्या यजमानांचा नाही..."

"नाही."

"मग कुणाचा?"

"ज्यांनी आम्हाला विकली ते गृहस्थ काठी घेऊन चालायचे. त्यांनीही यांना सांगितलं होतं, सीट बदला म्हणून. हे म्हणाले, मूळची आहे." बाई किंचित हसल्या. "हेही हुशारच होते."

"मला उघड सांगायचं होतंत..."

"उघड सांगितलं असतं तर तुमच्या साहेबांनी भाव आणखी पाडला असता."

ते खरंच होतं. बाहेर हॉर्न वाजला. एकदाच, लांब.

"मी त्यांना सोडवते," ती उठत म्हणाली. "पोलीस आणीन, दार तोडीन, गाडी पेटवून देईन. पण त्यांना बाहेर काढते."

बाई तिच्याकडे बघत होत्या. तोंडाकडे नव्हे. हातांकडे.

"दर रविवारी शेजारी तुम्हीच बसता ना?"

"हो... का?"

"उजव्या हातातली अंगठी काढून ठेवा. आत्ताच्या आत्ता."

तिने खाली पाहिलं. लग्नातली साधी अंगठी. सकाळी भांडी घासताना तिने ती काढून खिडकीत ठेवली होती आणि निघताना घातली होती, नेहमीसारखी. तिने ती फिरवली. फिरली. ओढली. सांध्याशी आली आणि अडली. बोट सुजलेलं नव्हतं, दुखत नव्हतं. फक्त ते तिच्या बोटापेक्षा जाड होतं, आणि नख चौकोनी, रुंद, कुणा दुसऱ्याचं असावं तसं.

बाई आतून साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन आल्या. त्यांना जाऊन यायला क्षणभरही लागला नाही. पाणी कोमट होतं, फेस बसून गेला होता. सकाळीच कालवून ठेवलं असावं.

"हळू..." त्या म्हणाल्या. "हिसका देऊ नका. तुमच्या सीटवर पहिल्यापासून जी बसते, तिला आवडत नाही."