एक्केचाळिसावी चाचणी

दुपारी ऑफिसातले सगळे जेवायला खाली गेले, तेव्हा तिने म्हटलं, तेवढ्यात आपलं काम उरकून घेऊ. काम तसं किरकोळच. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर पेशंटचा नंबर टाकला की त्याचाच रिपोर्ट उघडतो ना, एवढं तपासायचं. त्या नंबराचा वेबपत्ता ओळखून योग्य पानावर नेणारा पॅटर्न, म्हणजे कोडची एक ओळ, मुळात मास्तरांनी लिहिलेली. मास्तर म्हणजे तिचे साहेब, गेल्या वर्षी वारले. काय माणूस होता! दहा जण दिवसभर डोकं खाजवत बसायचे, ते हा बाबा एका ओळीत लिहून मोकळा व्हायचा. महिन्यापूर्वी तिने ती ओळ जरा नीटनेटकी केली होती, बस्स.

पेशंटचे नंबर आजच हजारापार गेले होते. १००४ नंबर तिच्या ताईचा. साडेतीनला ऑपरेशन होतं.

तिने चाचण्या चालवल्या. चाळीस पत्ते, चाळीस हिरव्या खुणा. मग सावकाश एक्केचाळिसावी ओळ उमटली. लाल.

पण तिने तर चाळीसच लिहिले होते...

पत्ता होता १००४चा आणि उघडला होता रिपोर्ट १००चा. कुणा परक्याचा, वेगळ्याच रक्तगटाचा. तीन किंवा चार आकडे चालणारा पॅटर्न पहिले तीनच बघून थांबत होता. पत्ता इथेच संपला पाहिजे, असं बजावणारं शेवटचं डॉलरचं चिन्ह तिनेच फालतू समजून पुसलं होतं.

शेजारच्या रिकाम्या टेबलाकडून लवंगेचा वास आला. मास्तर दिवसभर लवंग चघळत. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि डोळेही भरून आले. मेल्यावरही ज्याच्या नजरेतून चूक सुटत नाही, अशा माणसाच्या हाताखाली आपण शिकलो!

तिने चिन्ह परत घातलं. ओळ हिरवी झाली. तिने ताईच्या वॉर्डातल्या ओळखीच्या सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, १००४ला रक्त देऊ नका... रिपोर्ट पुन्हा उघडा."

"हो हो, थांबवलंय. तुमच्याच ऑफिसातून एका काकांचा फोन आला. वाचवलं बघा त्यांनी तुमच्या ताईंना."

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "कोण... नाव काय सांगितलं?"

"नाव नाही विचारलं. अजून दुसऱ्या फोनवर आहेत ना ते." सिस्टर पलीकडे कुणाशी तरी बोलली. परत आली तेव्हा तिचा आवाज पार खाली गेला होता. "ते विचारताहेत... १००१ला सकाळीच रक्त दिलंय, त्याचं काय?"