ओरेलीसाठी शिवलेली गोधडी

शनिवारी सकाळी ह्युगेत देरोझिए दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात दांडा मोडलेला लाकडी डाव होता.

"सोलांज, गोधडी गेली," ती म्हणाली आणि दाराशेजारच्या बाकावर मटकन बसली.

सोलांज व्हेयेतनं कॉफीचा पेला खाली ठेवला. तीस वर्षं तिनं शहरात खाजगी तपासाचं काम केलं होतं. विमा कंपन्यांसाठी खोट्या आगी आणि खोटी दुखणी शोधून काढली होती. आता ती आमच्या सेंत-ओडीलला नदीकाठी राहत होती. माडीवर तिचा आतेभाऊ फिर्मँ राहायचा. हा गावचा निवृत्त पोस्टमन. त्याला गावातला प्रत्येक पत्ता पाठ होता आणि दुसरं काहीही लक्षात राहत नव्हतं.

"कधी गेली?" सोलांजनं विचारलं.

"परवा, गुरुवारी. एक ते तीनच्या मध्ये. काल दिवसभर आम्हीच शोधली. पोलिसांना बोलावलं तर गावात चोर आहे असं होईल ना!"

आमच्याकडे कुणाचं घर जळलं की स्पॅगेटी होते, कुणाला ऑपरेशन करायचं असलं की स्पॅगेटी होते. चर्चच्या हॉलमध्ये सारं गाव तिकीट काढून जेवतं आणि जमेल ते त्या माणसाला मिळतं. गेली तीन वर्षं ही स्पॅगेटी ओरेली पोमरलोसाठी होत होती. सतरा वर्षांची ही पोर पायांना स्की बांधून बर्फाच्या उतारावरून सुटते, उंचवट्यावरून आभाळात जाते, तिथे उलटीसुलटी फिरते आणि पुन्हा पायांवर उतरते. तिला हे करताना पाहिलं की आमचा श्वास अडकतो. ती उतरेपर्यंत आम्ही सगळेच वर असतो.

यंदा नुसत्या स्पॅगेटीनं भागणार नव्हतं. उन्हाळाभर तळ्यावरच्या उतारावरून पाण्यात उड्यांचा सराव, मग हिवाळ्यात युरोप. म्हणून गावातल्या बायकांनी गोधडी शिवली होती, प्रत्येक घरातला एक तुकडा घेऊन. माँट्रियलची एक संग्राहक बाई ती लिलावात घ्यायला आज संध्याकाळी येणार होती.

"सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत, तर ओरेलीची संघातली जागा दुसऱ्या मुलीला जाते," ह्युगेत म्हणाली. "तीन वर्षांची स्पॅगेटी पाण्यात."

"आणि हा डाव?"

"तो गुरुवारचाच. रश्श्याचं पातेलं निवायला मागच्या पायरीवर ठेवलं, डाव आतच राहिला. भर दुपारी असं गोठलं की उपसताना दांडाच मोडला. अपशकुन म्हणायचा."

सोलांजनं डाव हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"हॉलच्या दाराशी राखण कोण करत होतं?"

ह्युगेतनं नुसतंच माडीवरून खाली आलेल्या फिर्मँकडे पाहिलं.

"मी डोळे मिटून विचार करत होतो," फिर्मँ घाईनं म्हणाला. "झोपलो नव्हतो."

"कशानं जागा झालास?"

"ह्युगेतच्या किंकाळीनं," फिर्मँ म्हणाला, आणि मग त्याचे कान लाल झाले.

मागचं दार स्वयंपाकघरातून होतं आणि तिथे सहा बायका कांदे चिरत होत्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळात हॉलमध्ये तिघंच आले होते. हॉकीवाला गिलें, ओरेली, आणि तिचा मामा झेनों.

सोलांज, फिर्मँ आणि ह्युगेत बाहेर पडले तेव्हा हवा पार पालटली होती. शुक्रवारी वारा दक्षिणेचा झाला होता आणि आता छपरा-छपरांवरून पाणी ठिबकत होतं. नदीवरून धुकं येऊन घरांचे खालचे मजले पुसले गेले होते. रस्त्यानं चालताना आपणच कुणाच्या तरी स्वप्नात चालतोय असं वाटत होतं.

गिलें लाकवार बर्फाच्या मैदानाशी फळ्या ठोकत होता. पोरांच्या हॉकी संघासाठी त्यानं वर्षभर मदत मागितली होती आणि प्रत्येक वेळी ओरेलीचं नाव पुढे आलं होतं.

"हो, मला राग आहे," तो सरळ म्हणाला. "माझी बारा पोरं फाटक्या हातमोज्यांनी खेळतात आणि गाव एकटीला आभाळात पाठवतं. पण गोधडीत माझ्या आजोबांच्या सदऱ्याचा तुकडा आहे, बाई. मी तो चोरीन?"

"हॉलमध्ये तू मोठी पिशवी घेऊन आला होतास."

"झेंडे न्यायला. या ह्युगेतनं त्यातच कांद्याची सालं भरून दिली. झेंड्यांना अजून वास येतोय."

"खरंय," ह्युगेत पुटपुटली. "मीच रिकामी केली होती पिशवी. झेंड्यांखेरीज काही नव्हतं."

ओरेली चर्चमागच्या टेकाडावर होती. धुक्यातून आधी तिचा आवाज आला, "सोडते!" आणि मग ती वर दिसली. क्षणभर ती डोकं खाली, पाय वर अशी पांढऱ्यात लटकून राहिली. बाजूला चर्चचा मनोरा तेवढा दिसत होता. मग ती धप्पकन उतरली आणि हसली.

"काय सोडतेस ग?" फिर्मँनं छातीवरचा हात न काढताच विचारलं.

"उडी, काका. आमच्यात उडी मारत नाहीत, सोडतात. वर उभं राहायचं, खालून प्रशिक्षिका ओरडते 'सोड!', की सोडायची."

"आमच्या वेळी लोक नोकरी सोडायचे, बायको सोडायचे."

"तुम्ही तर दोन्ही सोडून बसलात," ओरेली म्हणाली.

सोलांजला हसू आलं, पण तिनं विचारायचं ते विचारलं. "गुरुवारी हॉलवर कशाला गेली होतीस?"

ओरेलीचा चेहरा उतरला. "आईला बघायला. म्हणजे तिच्या निळ्या फ्रॉकचा तुकडा. मामानं दिला होता, गोधडीत मधोमध बसवलाय. मी हात लावून लगेच आले."

आई गेली तेव्हा ओरेली चार वर्षांची होती. तिला झेनोंनं वाढवलं होतं.

"मामा काय म्हणतात?"

"काहीच नाही. मंगळवारपासून बोलतच नाही. मी मामाच्या मेपलच्या गुऱ्हाळात प्रशिक्षिकेशी फोनवर बोलत होते, तो लाकडं घेऊन आत आला, तेव्हापासून गप्प. काय झालं विचारलं की म्हणतो, रस आलाय, वेळ नाही."

"फोनवर काय बोलत होतीस?"

"ते गुपित आहे. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगणार होते." तिनं बर्फात स्कीनं एक रेघ ओढली. "आता संध्याकाळच राहिली नाही."

झेनोंच्या मेपलच्या रानात काकवीसाठी रस धरायला प्रत्येक झाडाला बादली टांगलेली होती आणि प्रत्येक बादलीत टप टप चालू होतं. शेकडो बादल्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून गोड वाफ निघून झाडांत पसरली होती. फिर्मँनं डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि सोलांजनं त्याला कोपरानं ढोसलं.

झेनों भट्टीपाशी उभा होता. वाफेत त्याचा चेहरा कधी दिसत होता, कधी नाही.

"बोला. पण लवकर. रस आलाय."

"गुरुवारी हॉलवर आला होतात."

"बुधवारी शिवणाऱ्या बायकांना प्यायला ताजा रस दिला होता, त्याचं पिंप न्यायला आलो. इथे रस धो धो येत होता, पिंपं कमी पडली. फिर्मँसमोरून पायऱ्यांवरून पिंप गडगडत खाली नेलं. विचारा त्याला."

"हो हो," फिर्मँ म्हणाला, कारण नाही म्हणायची सोय नव्हती.

"गोधडी कुणी नेली असेल?"

झेनोंनं भट्टीत लाकूड सरकवलं. "सगळं गाव त्या पोरीला वर पाठवायला निघालंय. खाली कुणी तिला विचारलं का, तुला काय हवंय म्हणून?"

तो वळताना त्याचा पाय एका रिकाम्या पिंपाला लागला. पिंप फरशीवर आडवं झालं आणि असा दणका झाला की फिर्मँ हातभर उडाला. बाहेर झाडावरचे कावळेही उडाले.

सोलांज त्या पिंपाकडे बघत राहिली.

"ह्युगेत," ती शांतपणे म्हणाली, "गिलें आणि ओरेलीला चार वाजता इथेच घेऊन ये."

चार वाजता सगळे वाफेत गोळा झाले. ह्युगेतनं एप्रनही काढला नव्हता. गिलें दाराशी उभा राहिला, ओरेली मामाशेजारी बसली. झेनों काकवी ढवळत होता आणि कुणाकडे बघत नव्हता.

सोलांजनं मोडका डाव पिशवीतून काढून मधल्या फळीवर ठेवला.

"गुरुवारी हॉलमधून तीन गोष्टी बाहेर गेल्या," ती म्हणाली. "ओरेली गेली ती रिकाम्या हातांनी. गिलेंची पिशवी ह्युगेतनं स्वतः रिकामी करून सालांनी भरली. उरलं पिंप."

"रिकामं होतं ते," फिर्मँ म्हणाला.

"फिर्मँ, मघाशी इथे रिकामं पिंप नुसतं आडवं झालं तर तू केवढा उडालास! गुरुवारी तसलंच पिंप तुझ्या कानाशी सात पायऱ्या गडगडत गेलं आणि तू झोपेत विचार करत राहिलास. ज्या पिंपाचा आवाज होत नाही ते रिकामं नसतं. त्यात काहीतरी मऊ आणि जाड भरलेलं असतं."

गिलेंनं शीळ घातली.

"एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, फिर्मँची झोप गाढ आहे. पण पिंप हवं कशाला होतं? तर म्हणे, रस धो धो येत होता." तिनं डावावर बोट ठेवलं. "हा गुरुवारी भर दुपारी हॉलच्या मागच्या पायरीवर गोठला. झेनों, रस कधी येतो?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. आमच्याकडे शाळेत जायच्या आधी मुलांना ते कळतं. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, तरच मेपलला पाझर फुटतो. दिवसभर गोठलं असेल तर झाड एक थेंब देत नाही.

"आज सगळीकडे टपटप चाललंय, म्हणून परवाची थंडी कुणाच्या लक्षात आली नाही," सोलांज म्हणाली. "आणि तुमच्याही आली नाही. चाळीस वर्षं मार्चमध्ये तुम्ही लग्नं टाळलीत, प्रार्थना टाळल्यात, दातांचा डॉक्टर टाळलात, ते 'रस आलाय' म्हणून. गुरुवारसाठीही तेच आपोआप तोंडातून निघालं. मेपलवाल्याला मार्चमध्ये दुसरं खोटं सुचत नाही."

झेनोंचा डाव काकवीत थांबला. मग तो कोपऱ्यात गेला, एका झाकलेल्या पिंपाचं झाकण काढलं आणि स्वच्छ चादरीत गुंडाळलेली गोधडी दोन्ही हातांनी बाहेर काढली. तिच्यावर एक सुरकुती नव्हती.

"मामा!" ओरेली उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "का?"

"तूच म्हणालीस ना," झेनों म्हणाला. "मंगळवारी फोनवर. 'या हंगामात सोडायचंच ठरवलंय. खूप भीती वाटते. पण मामाला आत्ताच सांगू नका.' मी माझ्या कानांनी ऐकलं. तीन वर्षं गाव तुझ्यासाठी स्पॅगेटी खातंय, तू त्यांना सोडते म्हणून कशी सांगणार होतीस? पैसेच जमले नसते, तर तुला काही सांगावंच लागलं नसतं. मी चोर ठरलो असतो, तू मोकळी झाली असतीस."

ओरेली बघतच राहिली. मग ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"टेकाडावर ती काय ओरडत होती, फिर्मँ?" सोलांजनं विचारलं.

फिर्मँ विचारात पडला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "सोडते... म्हणजे उडी!"

"तिहेरी, मामा," ओरेली म्हणाली. "तीन कोलांट्या. अजून एकदाही स्पर्धेत सोडली नाही. या हंगामात ती सोडायचंच ठरवलंय. तुला सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती, म्हणून नको म्हटलं."

"पण भीती वाटते म्हणालीस."

"वाटते ना. खूप वाटते." तिनं गोधडीवरून त्याचा हात धरला. "म्हणून तर तू खाली उभा हवास."

भट्टीवर काकवी उकळून भांड्याच्या काठाशी आली आणि शेवटी ह्युगेतनंच पुढे होऊन ती ढवळली.

"पाच वाजता जेवण आहे," ती नाक पुसत म्हणाली. "पिंप पुन्हा हॉलवर न्या, झेनों. गोधडी पिंपातून गेली, पिंपातूनच येऊ दे. आणि गावाला जे सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा."

झेनोंनं सांगितलं. दोनशे माणसांसमोर, टोपी हातात धरून, तीन वाक्यांत. तिसऱ्या वाक्यानंतर गिलें सगळ्यांत आधी हसला, आणि मग हॉलभर असं हसू पसरलं की रश्श्याची पातेली हलली. ओरेलीनं तिहेरीचं सांगितलं तेव्हा मात्र बायकांनी छातीवर क्रूस काढला.

लिलाव चालला तसा माँट्रियलच्या बाईंचा हात वर गेला आणि वरच राहिला. जमायचं ते जमलं. गिलेंच्या पोरांच्या हातमोज्यांसाठी पुढची स्पॅगेटी करायचं तिथल्या तिथे ठरलं. मग झेनोंला गोधडी द्यायला पुढे बोलावलं.

त्यानं ती बाईंच्या हातांवर ठेवली, पण एक टोक त्याच्या मुठीत राहिलं. त्याचा अंगठा मधल्या निळ्या तुकड्यावर होता. बाई थांबल्या. हॉल थांबला. सोलांजनं मान खाली घातली.

ओरेली त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "सोड, मामा."

झेनोंनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मूठ उघडली.