झडपा काढलेली व्होल्गा

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण ही ऐकीव गोष्ट नाही. कुबात माझा सख्खा मामेभाऊ आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांत आधी हाच खदाखदा हसायचा.

आता हसत नाही.

जुलै महिना होता. भर दुपार. जागा म्हणाल, तर आमच्या तलास भागातून शहराकडे जाताना लागतो तो ओत्मोकचा घाट.

याच घाटात, कुबात लहान असताना, एका जानेवारीत त्याचे वडील गेले. असिलबेक त्यांचं नाव. हिमवादळात गाडी अडकली. इंजिन गोठलं की माणूसही गोठला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून त्यांनी अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट काढला आणि रेडिएटरवर गुंडाळला.

सापडले तेव्हा अंगात नुसता सदरा होता...

तो कोट रीतीप्रमाणे मय्यत धुणाऱ्याला दिला. गाडी मात्र घरातच राहिली. जुनी, करड्या रंगाची व्होल्गा.

त्या उन्हाळ्यात कुबातची बायको नुरझामाल पोटुशी होती. बाळ आडवं होतं. गावच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, "बाळंतपण शहरातच. इथे घोळ झाला तर माझ्या हातात काही नाही."

आणि व्होल्गा तर घाट चढताना दरवेळी उकळायची!

कुबात हात धुऊन गाडीच्या मागे लागला. रेडिएटरच्या जाळीतली माती, मेलेले किडे धुऊन काढले. चार पात्यांचा पंखा काढून सहा पात्यांचा बसवला. पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं, म्हणजे हवा इकडेतिकडे न पळता जाळीतूनच ओढली जाईल. कडेच्या फटी रबराने बुजवल्या.

शेवटी त्याने जाळीसमोरच्या झडपा खोलायला घेतल्या. हिवाळ्यात बंद करून इंजिन उबदार ठेवायच्या, त्या.

"त्या राहू दे रे," त्याची आपा, म्हणजे आई, दारातून म्हणाली. सालिमा आपा. "ह्यांना इंजिनाची फार काळजी असायची."

"आपा, उघड्या असल्या तरी वारा अडवतात त्या. हिवाळ्यात परत बसवीन की!"

"कर बाबा. तू शहाणा, आम्ही खुळे."

'हे' म्हणजे कुबातचे वडील. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आपाने तर मयतीच्या दिवशी टाहो फोडतानाही घेतलं नव्हतं.

झडपा निघाल्या. कुबातने इंजिन चालू केलं, जाळीसमोर रुमाल धरला. पंख्याने तो फट्कन ओढून घेतला. रुमाल जाळीला चिकटून बसला. कुबात एकटाच हसला.

कळा मात्र दिलेल्या तारखेच्या आधीच सुरू झाल्या. अख्खं गाव जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर गेलेलं. दुसरी गाडी नाही. मागच्या सीटवर आपाच्या मांडीवर डोकं ठेवून नुरझामाल पडली आणि व्होल्गा निघाली.

अर्धा घाट झकास चढला.

मग इंजिनाच्या तापमानाचा काटा हलला...

"बाई गं!" नुरझामाल विव्हळली. "लवकर चालव ना!"

काटा लाल रेघेला टेकला. कुबातने गाडी कडेला घेतली. तिथे कुमीस विकणारी एक बाई बसली होती.

"म्हातारी गाडी दमली वाटतं?" ती ओरडली. "पाज तिला वाटीभर घोडीचं दूध!"

कुबातने बॉनेट उघडलं. पट्टा ताठ. पाणी भरलेलं. पंखा गरगर फिरतोय. त्याने खिशातून रुमाल काढला, जाळीसमोर धरला.

रुमाल खाली पडला.

परत धरला.

परत पडला...

वारा आत जातच नव्हता. समोर तर काहीच नव्हतं. जाळी लख्ख दिसत होती. त्याने तळहात जाळीवर ठेवायला नेला... आणि तो जाळीपर्यंत पोचलाच नाही.

मध्ये लोकर लागली.

दाट. ऊबदार. दिसत नव्हती, पण बोटं तिच्यात रुतली. आणि जुन्या कातड्याचा वास आला. घरातला. लहानपणीचा.

कुबात किंचाळत मागे सरकला. कुमीसवाली उठून उभी राहिली. तिलाही वास आला होता, ती आजही सांगते.

आपा गाडीतून उतरली. गाडीसमोर उभी राहिली, डोक्यावरच्या ओढणीने तोंड पुसलं. आणि मग...

"असिलबेक!"

कुबातने आईच्या तोंडून ते नाव जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"असिलबेक, उन्हाळा आहे! इंजिन थंडीने नाही, गरमीने मरतंय. नातवंड अडलंय आत. काढा तो कोट तिथून. तुमच्या अंगात घाला. पुष्कळ काकडलात."

कोणी हललं नाही.

खाली पडलेला रुमाल उचलला गेला... आणि फट्कन जाळीला चिकटला.

काटा उतरला. घाट पार झाला. मुलगा झाला, आई-बाळ सुखरूप.

इथेच संपलं असतं, तर मी सांगितलंच नसतं.

डिसेंबरात त्या बाळाला ताप भरला. रात्रीतून फणफणला. पहाटेच निघावं लागलं. झडपा अजून कोठारातच होत्या, बसवायच्या राहिल्या होत्या. घाटात असं बर्फ, की उघड्या रेडिएटरचं इंजिन पार गारठायला हवं होतं.

काटा मात्र मधल्या खुणेवरून खाली उतरला नाही.

गाडीत छान ऊब होती. "किती बरं वाटतंय ना," नुरझामाल म्हणाली. बाळ झोपलं.

आपा काचेतून बाहेर बघत मुकाट रडत होती. मग कुबातलाही कळलं.

वडिलांनी कोट परत अंगातून काढला होता.

थांबावं, आईसारखी हाक मारावी, घाला म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण मागे बाळ होतं. त्याने गाडी थांबवली नाही. एवढंच तो सांगतो.

आता थंडीत निघण्याआधी तो झडपा बंद करतो. वरून जाड गोधडी बांधतो. वडिलांना तो आके म्हणायचा. बॉनेटवर हात ठेवून हळूच सांगतो, "आके, मी झाकलंय. तुम्ही कोट घाला."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

परत आल्यावर गोधडी सोडतानाही मी हजर होतो. आतल्या जाळीत, अगदी खोलवर...

मेंढीची पांढरी लोकर होती. अजून ओलसर.